पाटीवर एक, पावतीवर दुसरेच

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. क्रेडिट कार्डाचे महिन्याचे विवरण घेऊन मी नेहमीप्रमाणे खिडकीपाशी बसलो होतो. बँकेतून निवृत्त होऊन काही वर्षे झाली, तरी हातात पेन्सिल घेऊन एकेका नोंदीसमोर बरोबरची खूण करीत जाण्याची सवय सुटलेली नाही. घरातली मंडळी त्याला हसतात. त्या दिवशी पेन्सिल एका ओळीपाशी अडली. रक्कम ३,४८० रुपये. समोर कुठल्याशा ट्रेडिंग कंपनीचे नाव, तेही शेवटी तुटलेले, आणि गाव भिवंडी. भिवंडीला मी दहा वर्षांत पाय ठेवलेला नव्हता.

पत्नीला विचारले, मुलाला फोन केला. कुणीच काही मागवले नव्हते. मग काय, जुना अधिकारी जागा झाला. बँकेला फोन लावून कार्ड बंद करवले, ‘हा व्यवहार माझा नाही’ अशी तक्रार नोंदवली आणि संध्याकाळी फिरायला गेल्यावर चार मित्रांना आपल्या सावधपणाची कथा रंगवून सांगितली.

दीड महिन्याने रक्तदाबाच्या गोळ्या आणायला कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये गेलो. हे दुकानदार आमच्या पंचवीस वर्षांच्या ओळखीचे. माझ्या आईच्या आजारपणात रात्री दोन वाजता शटर वर करून त्यांनी इंजेक्शने दिलेली आहेत. नवे कार्ड पुढे केले, तर म्हणाले, “साहेब, आज रोखच द्या. हे यंत्र परत देऊन टाकावं म्हणतोय.”

“का हो शेठ, काय झालं?”

“कुणीतरी माझ्यावर फसवणुकीची तक्रार केलीय. तीन हजार चारशे ऐंशी रुपये अडकवून ठेवलेत. पावतीची प्रत मागतात. ती पावती उडून कोरी झाली. आता मी कुठून आणू?”

आकडा ऐकला आणि माझ्या पोटात खड्डा पडला. ते ‘कुणीतरी’ म्हणजे मीच होतो.

उलगडा व्हायला पाच मिनिटेही लागली नाहीत. दुकानाच्या पाटीवरचे नाव एक. पण चालू खाते त्यांच्या वडिलांच्या काळापासूनचे, भिवंडीला धान्याचा व्यापार असतानाच्या फर्मचे. यंत्र बसवायला आलेल्या मुलाने खात्याच्या कागदांवर दिसले तेच नाव आणि तेच गाव अर्जात उतरवून घेतले. पाटीकडे त्याने मान वर करून पाहिले नाही, आणि ‘गिऱ्हाइकाच्या कागदावर काय नाव उमटणार’ हे शेठजींना कुणी सांगितले नाही. मी त्यांना सगळे कबूल केले. ते क्षणभर माझ्याकडे पाहत राहिले आणि एवढेच म्हणाले, “तुम्ही?” त्या एका शब्दाने मला जेवढे लागले, तेवढे कुठल्या इन्स्पेक्शन रिपोर्टानेही नोकरीत कधी लागले नव्हते.

तक्रार मी त्याच दिवशी मागे घेतली. पण प्रश्न मनातून जाईना. तेहतीस वर्षे बँकेत काढलेल्या माणसाची ही गत, तर ज्याला ही भानगड ठाऊकच नाही अशा गिऱ्हाइकाने आणि दुकानदाराने काय करायचे? म्हणून आज वाचकांना त्या छोट्या यंत्राच्या पोटात घेऊन जायचे आहे.

आमच्या उमेदवारीच्या काळात कार्डाचा व्यवहार डोळ्यांना दिसत असे. आपल्या देशात बँकांची क्रेडिट कार्डे १९८० च्या सुमाराला आली. सेंट्रल बँक ऑफ इंडियाचे कार्ड त्यात पहिल्यांपैकी. दुकानात लोखंडी पाट्यासारखे एक यंत्र असे. त्यात कार्ड ठेवायचे, वर कार्बनची तीनपदरी चिठ्ठी ठेवायची आणि मूठ एकदा इकडून तिकडे खर्रकन ओढायची. कार्डावरची उठावाची अक्षरे चिठ्ठीवर उमटत. चोरीला गेलेल्या कार्डांच्या क्रमांकांची पुस्तिका दुकानदाराकडे येई. त्यात बोट फिरवून पाहायचे. ठरावीक मर्यादेच्या वरची रक्कम असली की बँकेला फोन करून परवानगीचा क्रमांक घ्यायचा आणि तो चिठ्ठीवर लिहायचा. वेळ लागे, पण चुकले कुठे ते कागदावर बोट ठेवून दाखवता येई.

आज तेच सारे काम दोन-तीन सेकंदांत होते, आणि ते करणारा कागद आता अदृश्य झाला आहे. कागद म्हणतो आहे ते जाणूनबुजून. पोस्टातला मनिऑर्डरचा फॉर्म आठवा: पाठवणाराचे नाव, घेणाराचे नाव, रक्कम अंकी, रक्कम अक्षरी आणि खाली संदेशासाठी चिंचोळी जागा. कार्डाचा व्यवहार म्हणजे असाच एक फॉर्म. त्याचा नमुना आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने १९८७ साली ठरवून दिला. त्याला आयएसओ ८५८३ म्हणतात. नमुन्यात १२८ रकान्यांची सोय आहे. सगळे प्रत्येक वेळी भरावे लागत नाहीत. सुरुवातीच्या चार अंकांत हा कागद कशाचा ते लिहिलेले असते. ०१०० म्हणजे ‘परवानगी मागतो’, ०११० म्हणजे ‘हे उत्तर’. जगभरची जाळी आपापल्या सोयीने त्यात थोडेफार फेरफार करतात, पण सांगाडा तोच.

दुसऱ्या रकान्यात कार्डाचा क्रमांक. त्याचा शेवटचा अंक म्हणजे एक पहारेकरीच. आयबीएममधल्या हान्स पीटर लून या गृहस्थाने सुचवलेली ही युक्ती. १९६० साली त्याला तिचे पेटंट मिळाले. उजवीकडून एकाआड एक अंकाची दुप्पट करायची, दुप्पट दोन अंकी झाली तर तिचे अंक मिळवायचे, सगळ्यांची बेरीज करायची. तिला दहाने पूर्ण भाग गेला पाहिजे. क्रमांकातला कुठलाही एक अंक चुकला की भाग जात नाही आणि यंत्र तिथेच अडवते. शेजारशेजारच्या दोन अंकांची अदलाबदल झाली, तरीही ते बहुतेक वेळा पकडले जाते.

चौथ्या रकान्यात रक्कम. ती बारा अंकी आणि पैशांत. माझे ३,४८० रुपये तिथे ०००००००००००० अशा बारा घरांत बसून ००००००३४८००० असे झाले. एकोणपन्नासाव्या रकान्यात चलनाचा आकडा. आपल्या रुपयाचा ३५६. परदेशी सहलीला जाणाऱ्यांनी हा रकाना विशेष ध्यानात ठेवावा. दुबईत किंवा लंडनमध्ये दुकानदार गोड आवाजात विचारतो, “रुपयांत घेऊ का?” आपल्याला आपले चलन पाहून बरे वाटते, पण ते रूपांतर बहुधा महाग पडते. तिथल्याच चलनात द्या म्हणावे.

अठराव्या रकान्यात दुकानाचा वर्ग, चार अंकांत. किराणा ५४११, उपाहारगृह ५८१२, औषधांचे दुकान ५९१२, पुस्तकांचे ५९४२, जवाहिऱ्याचे ५९४४, रुग्णालय ८०६२. दिसायला हे चार अंक निरुपद्रवी. पण बँकेचा संगणक दुकानाला याच अंकांनी ओळखतो. गिऱ्हाइकाला मिळणारे गुण, दुकानदाराकडून घेतला जाणारा आकार, एखादा व्यवहार संशयास्पद मानायचा की नाही, अशा कितीतरी गोष्टी या आकड्यावर ठरतात. एखाद्या ऑफिसने मेडिक्लेमऐवजी कर्मचाऱ्यांना औषधांपुरते कार्ड दिले असेल आणि कोपऱ्यावरच्या मेडिकलचा वर्ग चुकून ‘इतर किरकोळ’ असा पडला असेल, तर ते कार्ड तिथे चालणार नाही. काउंटरवर उभ्या असलेल्या बिचाऱ्याला कारण कळणार नाही, आणि दुकानदारालाही.

आणि मग तो त्रेचाळिसावा रकाना, ज्याने माझी फजिती केली. दुकानाचे नाव आणि गाव. याला जागा सारी चाळीस अक्षरांची. साधारण वाटणी अशी, की पंचवीस अक्षरे नावाला, तेरा गावाला, दोन देशाला. आणि तीही रोमन लिपीतली. समजा, पाटीवर ‘श्री सिद्धिविनायक मेडिकल अँड जनरल स्टोअर्स’ असे आहे. रोमन अक्षरे आणि मधल्या मोकळ्या जागा मोजत गेले, तर पंचवीस पुरी होईपर्यंत ‘श्री सिद्धिविनायक मेडिक’ एवढेच बसते. देवाच्या कृपेने इतके तरी ओळखू येते. पण त्या जागी एखाद्या जुन्या फर्मचे, भाच्याच्या कंपनीचे किंवा मध्यस्थ कंपनीचे नाव असले, तर गिऱ्हाइकाने ओळखायचे कसे?

हा कागद दुकानदाराच्या बँकेकडून कार्डाच्या जाळ्यातून आपल्या बँकेकडे जातो आणि एकोणचाळिसाव्या रकान्यात दोन आकड्यांचे उत्तर घेऊन परततो. ०० म्हणजे मंजूर. ५१ म्हणजे पुरेशी शिल्लक नाही, ५४ म्हणजे कार्डाची मुदत संपली, ५५ म्हणजे पिन चुकला, ९१ म्हणजे कार्ड देणारी बँकच सध्या उत्तर देत नाही. या शेवटच्यात गिऱ्हाइकाचा काडीचाही दोष नसतो. पण काउंटरवरचा पोरगा चारचौघांत मोठ्यांदा म्हणतो, “काका, तुमचं कार्ड डिक्लाइन होतंय!” आणि मागच्या रांगेतल्या नजरा काकांच्या पाठीला टोचू लागतात. मुलगी पाहायला येणाऱ्यांसाठी मिठाई घ्यायला गेलेला सभ्य गृहस्थ अशा वेळी पेढ्याचा बॉक्स तिथेच ठेवून परत फिरतो. त्या पोराला दोन आकड्यांचा अर्थ कुणी शिकवला असता, तर “बँकेची लाइन बंद दिसते, पाच मिनिटांनी बघू या” एवढे तो नक्कीच म्हणाला असता.

हे ०० किती मोलाचे असते, ते पुण्याने एकदा पाहिले आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये कॉसमॉस सहकारी बँकेवर दरोडा पडला. ११ तारखेला काही तासांत अठ्ठावीस देशांतल्या एटीएममधून बनावट कार्डांनी पैसे काढले गेले, १३ तारखेला आणखी रक्कम हाँगकाँगला वळवली गेली. सगळे मिळून सुमारे ९४ कोटी रुपये. तिजोरीला कुणी हात लावला नव्हता. परवानगी मागणारे कागद खऱ्या यंत्रणेपर्यंत पोहोचू न देता चोरांनी मध्येच स्वतःची खोटी यंत्रणा बसवली होती आणि ती प्रत्येकाला ‘मंजूर’ म्हणत गेली. ज्यांनी बँकेत सहीचे नमुने ताडून पाहण्यात आयुष्य घालवले, त्या आमच्यासारख्यांना त्या बातमीने झोप लागू दिली नाही.

आपल्याकडे या बाबतीत काहीच झाले नाही असे म्हणणे कृतघ्नपणाचे होईल. घरबसल्या कार्डाने पैसे देताना दुसरी ओळख पटवण्याची अट रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २००९ पासून लागू केली. पुष्कळ पुढारलेल्या देशांत तेव्हा ती नव्हती. २०१८ अखेरपर्यंत चुंबकीय पट्टीच्या कार्डांच्या जागी चिपची कार्डे द्यायला लावली. २०२० च्या निर्देशांनुसार नवे कार्ड हाती येते ते देशातल्या एटीएमवर आणि दुकानातल्या यंत्रावरच चालणारे. परदेशातला, ऑनलाइन किंवा नुसते टेकवून होणारा वापर आपण मुद्दाम सुरू करायचा असतो. १ ऑक्टोबर २०२२ पासून दुकानदारांनी आपला पूर्ण कार्ड क्रमांक साठवून ठेवायला बंदी झाली, त्या जागी सांकेतिक क्रमांक आला. म्हणजे घराला कुलपे चांगली बसवली आहेत. पाटी मात्र चुकीची लागली आहे, आणि पोस्टमन भलत्या दारात उभा राहतो आहे.

दुकानदाराच्या यंत्रात आणखीही काही खटके असतात. दिवसभराचे व्यवहार एका ‘बॅच’मध्ये साठतात आणि ती बॅच सेटल झाली की पैसे मागितले जातात, काही यंत्रे हे आपोआप करतात, काहींवर रात्री बटण दाबावे लागते. चुकून ३,४८० च्या जागी ३४,८०० दाबले गेले, तर बॅच सेटल होण्यापूर्वी व्यवहार तिथल्या तिथे ‘व्हॉइड’ करता येतो. एकदा सेटल झाली की मग परतावा, आणि त्याला दिवस लागतात. म्हणून आकडा काउंटरवरच वाचावा आणि चूक दिसली तर रद्द केल्याची पावती घेऊनच पायरी उतरावी. हॉटेलवाले अनामत म्हणून कार्डावर रक्कम नुसती अडवून ठेवतात, ती खर्च झालेली नसते. पण निघताना ती सोडवली का, हे विचारायला हवे. खात्यातून पैसे गेले आणि दुकानात पावतीच निघाली नाही, तर २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत रक्कम आपोआप परत यायला हवी. त्यापुढे उशिराच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई, तीही न मागता. हे किती जणांना ठाऊक आहे?

माझा खरा मुद्दा हा, की या साऱ्या रकान्यांचे मोल दुकानदार भरतो. क्रेडिट कार्डाच्या प्रत्येक विक्रीतून साधारण दोन टक्क्यांच्या घरातली रक्कम कापली जाते. रुपे डेबिट कार्ड आणि यूपीआय यांवरचा हा आकार १ जानेवारी २०२० पासून शून्य झाला, पण क्रेडिट कार्डावर तो आहेच. औषधविक्रीत उरते ते किती, त्यातून दोन टक्के जातात. एवढे देऊनही आपले दुकान बँकेच्या दप्तरी कोणत्या नावाने, कोणत्या गावी आणि कोणत्या वर्गात आहे, हे त्याला माहीत नसते. अर्ज इंग्रजीत, करारनामा इंग्रजीत, पावती मागणारी ई-मेलही इंग्रजीत. शेठजींनी ती ई-मेल उघडलीच नव्हती. जाहिरातींच्या ढिगात ती पडून होती.

बँकवाले यावर काय म्हणतील, ते मला ठाऊक आहे, कारण टेबलाच्या त्या बाजूला मी बसलेलो आहे. ते म्हणतील, खात्याचे जे कायदेशीर नाव, तेच आम्ही घेणार, नियम आहे. नियम योग्यच आहे. पैसे कुणाच्या खात्यात जातात हे बँकेला पक्के ठाऊक हवे. पण अर्जात कायदेशीर नाव आणि व्यवसायाचे नाव असे दोन वेगळे रकाने असतात. दुसरा रकाना नीट विचारून भरायला दोन मिनिटे लागतात. तेवढीच यंत्रे बसवणाऱ्या मुलाकडे नसतात, कारण त्याला दिवसाला अमुक यंत्रे बसवण्याचे लक्ष्य दिलेले असते. दोष त्या मुलाचा नाही, लक्ष्य देणाऱ्याचा आहे.

मराठीतून सांगणे अवघड आहे, हेही आता म्हणता येणार नाही. भाजीवाल्या मावशींच्या गाडीवरची छोटी पेटी पैसे जमा झाल्याचे खणखणीत मराठीत सांगते. क्यूआर कोड स्कॅन केला की नाव पैसे देण्यापूर्वी डोळ्यांपुढे येते, आणि आपण विचारू शकतो, “मावशी, हे नाव तुमचंच ना?” कार्डाच्या बाबतीत ते नाव विवरणात उमटते तेव्हा महिना उलटून गेलेला असतो.

तेव्हा मागणे तीनच आहे. यंत्र बसवताना बँकेने दुकानदाराला एक पानभर मराठी कागद द्यावा: दुकानाचे विवरणात उमटणारे नाव, गाव, वर्ग, आकार, बॅच कधी सेटल होते आणि तक्रार आली तर कुठे कळवले जाईल. दुसरे, कागद देण्यापूर्वी एक रुपयाचा व्यवहार करून ते नाव दुकानदाराला त्याच्याच मोबाइलवर दाखवावे आणि सही घ्यावी. तिसरे, पावती मागणारा निरोप नुसत्या ई-मेलवर न ठेवता फोनने आणि त्याच्या भाषेत द्यावा. यासाठी नवा कायदा नको आणि नवे तंत्रही नको.

गिऱ्हाइकांनाही एक सांगणे आहे. अनोळखी नाव दिसले की सावध व्हावेच. पैसे खरोखरच चोरीला गेल्याची शंका असेल, तर एक तासही न दवडता बँकेला कळवावे. १९३० हा सरकारी मदत क्रमांक त्यासाठीच आहे. पण नाव अनोळखी आणि रक्कम ओळखीची वाटत असेल, तर आधी तारीख पाहावी, त्या दिवशी आपण कुठे होतो ते आठवावे, पिशवीतली बिले चाळावीत. मी नाव पाहिले, गाव पाहिले आणि तारखेकडे पाहिलेच नाही. त्या तारखेला मी पत्नीसाठी तीन महिन्यांची औषधे घेतली होती.

शेठजींचे नाव बदलून मिळायला अर्ज, आठवणीचा अर्ज आणि शाखेत दोन खेपा एवढे लागले. खेपांना मीही बरोबर गेलो. तेवढे प्रायश्चित्त मला घेणे भाग होते. शाखेतल्या तरुण मॅडमनी अर्ज वाचून विचारले, “काका, एवढं नावाचं काय? पैसे तर बरोबर जमा होतायत ना?” शेठजी म्हणाले, “पैसे होतायत हो. गिऱ्हाईक जातंय.” मॅडमनी मान वर करून त्यांच्याकडे पाहिले आणि अर्जावर शिक्का मारला.

गेल्या महिन्याच्या विवरणात त्यांच्या दुकानाचे नाव पहिल्यांदा दिसले. शेवटची काही अक्षरे तुटलेली आहेत, पण वाचता येते. मी पेन्सिलीने त्यापुढे खूण केली आणि तो कागद दुसऱ्या दिवशी त्यांना दाखवायला घेऊन गेलो.